तिसऱ्या ‘का?’ला गाडी अडते – मदत हवी आहे

भोसरीत आमचं छोटं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) युनिट आहे, 14 माणसं. एका बुशचा बोअर (आतलं भोक) सोमवारी पहिल्या तासात ओव्हरसाइज जातो, मग आपोआप सुधारतो. मशीनचं वॉर्म-अप, इन्सर्ट (कापणारं टोक), बोअर गेज (भोक मोजायचं साधन) सगळं तपासलं.

फळ्यावर फिशबोन (माशाच्या काट्यासारखी कारणांची आकृती) काढून, ‘5 व्हाय’ (मूळ कारणापर्यंत जायला पाच वेळा ‘का?’ विचारणं) धरून तीनदा बसलो. दरवेळी तिसऱ्या ‘का?’ला उत्तर एकच: ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं.’ हे आलं की तो ऑपरेटर पोरगा खाली बघत ग्रीसचे हात पुसत बसतो आणि फळा तिथेच थांबतो. सुपरवायझरना बाहेर ठेवून पाहिलं. पोरं बोलली, पण साहेब आठवडाभर रुसले. चिठ्ठ्यांचा उपयोग नाही, अक्षर सगळे ओळखतात.

शिफ्ट बदलताना 40 मिनिटंच मिळतात, बाहेरचा ट्रेनर परवडत नाही. सुपरवायझरना खोलीत ठेवूनच, माणसावर न येता चौथ्या ‘का?’पर्यंत कसं न्यायचं? आणि प्रश्न विचारायचे कोणी?