बोअरच्या पाण्याचे क्षार: नवीन पाइपलाइन टाकतानाच काय करून ठेवावं?

लातूरकर_घरबांधणी:
घराचं काम चालू आहे, आता झिऱ्या मारून पाइप टाकायचेत. जुन्या घरातली जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपची) लाइन फोडली तर आत क्षारांचा एवढा थर की करंगळी जाईना. नळाचं पाणी रोज नसतं, सगळी भिस्त बोअरवर, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) ८०० च्या वर दाखवतो. प्लंबर म्हणतो पाइपला मॅग्नेट लावा, शेजारचे काका म्हणतात सॉफ्टनर घ्या. नक्की काय करू? भिंत बंद झाल्यावर परत फोडायची नाहीये.

पाणी_तपासणी:
दादा आधी हार्डनेस (पाण्याचा जडपणा) तपासा, टीडीएसवरून ते कळत नाही कारण त्यात मीठबीठ सगळंच येतं, थर धरतो तो मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. थेंब टाकून रंग बदलतो ते किट मिळतं किंवा लॅबला बाटली द्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेस २०० मिग्रॅ प्रति लिटर धरलंय, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत. मॅग्नेटने कॅल्शियम पाण्यातून निघत नाही, त्याच्या भरवशावर भिंत बंद करू नका.

साइटवरचा_माणूस:
खरा त्रास गरम पाण्याच्या लाइनला होतो. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. गिझर खोलला की कॉइलवर अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे निघतात. म्हणून थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवा, ६० च्या पुढे थर फार लवकर चढतो. जीआय नकोच, सीपीव्हीसी (गरम पाणी चालणारा प्लॅस्टिकचा पाइप) टाका, त्यात पण थर धरतो पण गंज नाही. गिझरच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारा जोड) द्या आणि थंड पाण्याच्या बाजूला कॉक, म्हणजे काढून साफ करता येतो. गरम बाजूला मात्र कॉक नको, दोन्हीकडून बंद राहिला तर टाकीत प्रेशर कोंडतं. सेफ्टी व्हॉल्व्ह पण क्षाराने जाम होतो, तो अधूनमधून बघत जा, हे लोक विसरतातच!

गृहिणी_सोलापूर:
आमच्याकडे सॉफ्टनर आहे, फरक पडतोच, पण मीठ टाकून रेझिन (आतले कॅल्शियम धरणारे मणी) रिजनरेट म्हणजे परत ताजं करत राहावं लागतं आणि ते खारं पाणी झाडांना घालायचं नाही. टीडीएस कमी होत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, त्यामुळे स्वयंपाकघराचा पिण्याचा नळ वेगळा काढा. शॉवर आणि नळाच्या जाळ्या काढून थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. बाथरूमचं ॲसिड नळावर ओतू नका, क्रोम जातं, आणि ब्लीचबरोबर तर कधीच नाही, विषारी वायू होतो.

लातूरकर_घरबांधणी:
बजेट कमी आहे, सॉफ्टनर फक्त गिझरच्या लाइनला लावला तर?

साइटवरचा_माणूस:
चालेल, उलट तेच करा, मीठ पण कमी लागेल. गच्चीवर गिझरची लाइन टाकीपासूनच वेगळी खाली आणा, सॉफ्टनरला बायपास (त्याला वगळून जाणारी लाइन) ठेवा, ड्रेनची सोय आत्ताच करा. आणि गच्चीचं पावसाचं पाणी फिल्टर करून बोअरजवळच्या खड्ड्यात सोडा, ते पाणी हलकं असतं, पण त्याने हार्डनेस किती उतरेल ते तुमच्या खडकावर आहे.