उशिरा आलेले पालकत्व आणि वाढलेले वजन

प्रश्न: माझे वय ४७ असून मुलगी चार वर्षांची आहे. तिच्यामागे धावताना धाप लागते आणि जेवण कमी करूनही वजन हलत नाही, उलट थकवाच वाढतो. सुरुवात नेमकी कशापासून करावी?

उत्तर १: केवळ जेवण कमी केल्यास चरबीबरोबर स्नायूही घटतात, आणि वयानुसार ते तसेही कमी होत असल्यामुळे थकवा जाणवणे स्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम सुचवते. आपल्याकडून बहुधा हा दुसरा भागच राहून जातो. आहारात प्रथिने मात्र कमी करू नयेत.

उत्तर २: मुलांच्या ताटात उरलेले संपवण्याची सवय आधी सोडावी. (मला ती सोडायला वर्ष लागले!) झोप अपुरी असेल तर भूकही वाढते.

उत्तर ३: धाप लागण्याचे खापर थेट वजनावर फोडू नये. व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवून रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.