मदत हवी आहे: फ्लॅश पुसताना कंट्रोल लूप थांबतो

एसटीएम32एफ407 मायक्रोकंट्रोलरवर फ्रीआरटॉस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम), तीन बोर्ड 500 केबीपीएसच्या कॅन बसवर (बोर्डांना जोडणारी संदेशवाहिनी). एका बोर्डावर मोटरचा लूप दर 10 मिलिसेकंदांनी चालतो. त्या बोर्डाचा हार्टबीट ('मी चालू आहे' हा नियमित संदेश) 100 मिलिसेकंद आला नाही, तर बाकीचे दोन बोर्ड मोटर बंद करतात. आता मोटर अधूनमधून विनाकारण बंद पडते.

आधी संशय प्रायॉरिटी इन्व्हर्जनवर होता, म्हणजे कमी प्राधान्याच्या टास्कमुळे जास्त प्राधान्याचा टास्क अडकणं (1997 मध्ये मार्स पाथफाइंडर यामुळेच रीसेट होत होतं). म्हणून बायनरी सेमाफोर काढून म्युटेक्स लावला (तो धरून बसलेल्या टास्कचं प्राधान्य तात्पुरतं वाढवतो). फरक नाही. बसच्या दोन्ही टोकांना 120 ओहम आहेत, एरर काउंटर शून्य. शेवटी लॉजिक अ‍ॅनलायझरवर दिसलं की फ्लॅश मेमरीतला लॉगचा (नोंदींचा) सेक्टर पुसला जातो नेमका तेव्हाच लूप थांबतो. फ्लॅशची बँक एकच, त्यामुळे पुसणं संपेपर्यंत तिच्यातला कोड वाचताच येत नाही. 128 केबीच्या सेक्टरला एक-दोन सेकंद जातात. 16 केबीचा घेतला तरी शेकडो मिलिसेकंद.

बोर्ड बनून गेलेत, एफरॅम (वीज गेली तरी डेटा टिकवणारी, आधी पुसावी न लागणारी मेमरी) बसवता येणार नाही. वीज गेली तरी लॉग टिकायला हवा. हार्टबीटची मर्यादा मी वाढवणार नाही, मोटरजवळ माणसं काम करतात.

दोन मार्ग दिसतात: लूप, कॅन इंटरप्ट, व्हेक्टर टेबल (इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडच्या पत्त्यांची यादी) आणि फ्रीआरटॉसचा कर्नल रॅममध्ये हलवणं, किंवा मोटर थांबलेली असतानाच सेक्टर पुसून ठेवणं. पहिला कुणी प्रत्यक्ष उत्पादनात वापरलाय का? आणि दुसऱ्यात, मोटर चालू असतानाच सेक्टर भरला तर काय करता?