फ्लेक्सच्या फाइलमधील लेयर आणि 'स्क्रॅच डिस्क भरली आहे' हा संदेश

फ्लेक्स_आणि_पत्रिका:
नमस्कार. तालुक्याच्या गावी माझे डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनचे काम आहे. संगणकात 8 जीबी रॅम आणि 256 जीबीची एकच एसएसडी असून तिचे सी आणि डी असे दोन भाग केलेले आहेत. सध्या वाढदिवसाचा 10 बाय 8 फुटांचा फ्लेक्स फोटोशॉपमध्ये 150 डीपीआय (दर इंचाला पिक्सेल) आणि सीएमवायके (छपाईचे चार रंग) ठेवून करीत आहे. शुभेच्छुकांचे फोटो, त्यांखालची नावे, मागची किरणे, सावल्या असे सगळे धरून चाळीसच्या वर लेयर (एकावर एक ठेवलेले सुटे थर) झाले आहेत. काम निम्म्यावर आले की स्क्रॅच डिस्क भरल्याचा संदेश येतो, सी ड्राइव्ह लाल झालेला दिसतो आणि फाइल पीएसडी (फोटोशॉपची नेहमीची फाइल) म्हणून सेव्हही होत नाही. खालच्या पट्टीत 988.8एम/5.40जी असे आकडे दिसतात. लेयर मर्ज केले तर जागा वाचेल हे कळते. परंतु कोणाचा फोटो मोठा आणि कोणाचे नाव वर, हे छपाईला जाईपर्यंत बदलत असल्याने मर्ज करणे परवडत नाही. छपाईवाल्यांकडे आमचे मराठी फॉन्ट नसतात, म्हणून नावे मात्र मी आधीच रास्टराइझ करून, म्हणजे अक्षरांचे पिक्सेल करून ठेवतो. लेयर सुटे ठेवून जागा वाचवण्याचा काही मार्ग आहे का?

प्रीप्रेस_टेबल:
आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत: काम चालू असताना भरणारी जागा आणि सेव्ह केलेल्या फाइलचा आकार. यांपैकी एकीचेही मूळ लेयरच्या संख्येत नाही. ते लेयरमध्ये साठलेल्या पिक्सेलमध्ये आहे.

प्रथम आकड्यांकडे पाहू. 10 बाय 8 फूट म्हणजे 120 बाय 96 इंच. 150 डीपीआयला ते 18,000 बाय 14,400 पिक्सेल होतात, आणि सीएमवायकेमध्ये प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागत असल्याने केवळ एक सपाट थर 988.8 एमबीचा होतो. आपल्या पट्टीतला डावीकडचा आकडा तोच आहे. उजवीकडचा आकडा लेयरसहित होणारा अंदाजे आकार दाखवतो. पीएसडीची कमाल मर्यादा 2 जीबी असल्यामुळे फाइल सेव्ह होत नाही. 'लार्ज डॉक्युमेंट फॉरमॅट' म्हणजे पीएसबी निवडल्यास ती सेव्ह होईल, पण रोग तसाच राहील.

चौकात वीस-पंचवीस फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सला 150 डीपीआयची गरज नसते, 72 पुरते. 'इमेज साइझ'मध्ये 'रीसॅम्पल'वर खूण ठेवून 72 केले की हाच थर 227.8 एमबीवर येतो. खूण काढून आकडा बदलल्यास फक्त इंच बदलतात, पिक्सेल तेवढेच राहतात. काही जण फाइल दहापट लहान, म्हणजे 12 बाय 9.6 इंचांची करतात आणि डीपीआय 1500 ठेवतात. त्यात दिखाऊ समाधानापलीकडे काही नाही, कारण पिक्सेल तितकेच असतात.

आता स्क्रॅच. रॅम अपुरी पडली की फोटोशॉप उरलेले काम ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवते. फाइल बंद केली तरी ही जागा बहुधा लगेच परत मिळत नाही. प्रोग्रॅम बंद केल्यावर मिळते. प्रोग्रॅम मध्येच कोसळला असेल, तर 'फोटोशॉप टेम्प' या नावाने सुरू होणाऱ्या मोठ्या फाइली विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये पडून राहतात. फोटोशॉप पूर्ण बंद असताना त्या निर्धास्तपणे काढाव्यात. 'प्रेफरन्सेस'मधील 'स्क्रॅच डिस्क्स'मध्ये डी ड्राइव्हवरही खूण करावी. दोन्ही भाग एकाच एसएसडीवर असल्याने वेग वाढणार नाही, पण जागा मिळेल. प्रोग्रॅम उघडण्याआधीच संदेश येऊन अडत असेल, तर सुरू करताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरावे म्हणजे ड्राइव्ह निवडण्याची चौकट येते. स्क्रॅचसाठी पेनड्राइव्ह मात्र वापरू नये.

हिस्टरीच्या, म्हणजे मागे जाण्यासाठी साठवलेल्या, पायऱ्या मुळात 50 असतात, त्या 15-20 वर आणाव्यात. साध्या ब्रशच्या फटकाऱ्याला फारशी जागा लागत नाही, कारण बदललेला तुकडाच साठवला जातो. पण पूर्ण चित्रावर ब्लर चालवला किंवा चित्राचा आकार बदलला की ती एकच पायरी संपूर्ण थराइतकी जागा खाते. मोठे काम उरकल्यावर 'एडिट'मधील 'पर्ज'ने हिस्टरी रिकामी करता येते, परंतु त्यानंतर मागे जाता येत नाही.

अक्षरजुळणी:
वरील उत्तराशी सहमत आहे. नावांविषयी मात्र स्वतंत्रपणे सांगायला हवे. मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या यंत्रावर नसतो, ही अडचण खरी आहे, पण त्यावर रास्टराइझ हा सर्वांत महाग उपाय आहे. अक्षरे पिक्सेल झाली की त्यांचा थर जागा घेतो, नाव मोठे केले की कडा फाटतात आणि 'भावी' काढून 'लोकप्रिय' लिहायचे झाले तर नव्याने टाइप करावे लागते. काम चालू असेपर्यंत नावे मजकूर म्हणूनच ठेवावीत. फाइल बाहेर देताना प्रत काढून तिच्यात 'टाइप'मधील 'कन्व्हर्ट टू शेप' वापरावे: अक्षरांच्या बाह्यरेषा तयार होतात, फॉन्टची गरज उरत नाही आणि त्या रेषांचा भार नगण्य असतो. जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर आहेत ना, हे रूपांतरापूर्वी एकदा डोळ्यांखालून घालावे. खरे तर छपाईवाल्यांना सपाट टिफ किंवा जेपीईजीच लागते, तेव्हा लेयरची फाइल त्यांच्याकडे जाण्याचे कारणच नाही.

मुक्त_कुंचला:
मी गिंप हा चित्रांचा मोफत प्रोग्रॅम वापरतो. तेथे या जागेला स्वॅप म्हणतात. तिचे फोल्डर आणि टाइल कॅशचा (चित्रासाठी वापरायच्या रॅमचा) आकार दोन्ही प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतात, आणि अनडूसाठी किती मेमरी द्यायची हेही ठरवता येते. लेयरमधील रिकामी पारदर्शक जागा 'क्रॉप टू कंटेंट'ने छाटता येते. सीएमवायकेच्या फ्लेक्ससाठी आपण प्रोग्रॅम बदलावा असे मात्र मी म्हणणार नाही.

फ्लेक्स_आणि_पत्रिका:
सर्वांचे आभार. 72 केल्यावर डावीकडचा आकडा सांगितल्याप्रमाणे 227.8एम झाला आणि संदेश थांबला. तरीही उजवीकडचा आकडा अजून 1.9जी आहे. मजकूर आता जिवंत ठेवला आहे, मग हे वजन कशाचे?

प्रीप्रेस_टेबल:
दोन ठिकाणी शोधा. किरणांचा किंवा ढगांचा मोठा फोटो ओढून आणला असेल, तर कॅनव्हासच्या बाहेर गेलेला त्याचा भाग दिसत नसला तरी फाइलमध्ये असतोच. 'सिलेक्ट ऑल' करून 'इमेज'मधील 'क्रॉप' दिल्यास साध्या लेयरचे बाहेरचे पिक्सेल कापले जातात. आधी फाइलची प्रत ठेवावी, कारण नंतर तो फोटो सरकवल्यास कड उघडी पडेल. स्मार्ट ऑब्जेक्टला, म्हणजे मूळ चित्र जसेच्या तसे आत जपणाऱ्या लेयरला, ही कात्री लागत नाही. दुसरे म्हणजे तेच स्मार्ट ऑब्जेक्ट. एकच फुलांची माळ सहा जागी हवी असल्यास कंट्रोल-जे ने प्रती काढाव्यात, त्या सर्व एकाच मूळ चित्रावर चालतात. 'न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी' मात्र दर वेळी मूळ चित्राची स्वतंत्र प्रत फाइलमध्ये भरते. पक्षचिन्ह, चौकट अशा दर फ्लेक्सला लागणाऱ्या वस्तू 'प्लेस लिंक्ड'ने जोडल्यास त्या फाइलच्या बाहेरच राहतात, फक्त त्यांचे फोल्डर हलवायचे नाही.

लपवून ठेवलेले जुने पर्यायही पाहावेत. ते 'लेयर'मधील 'डिलीट'खाली 'हिडन लेयर्स'ने एकदम काढता येतात. एखादा पर्याय पुन्हा लागण्याची शक्यता असेल, तर तो दुसऱ्या फाइलमध्ये हलवून मग हे करावे.