बाहेर शिकायला जाणाऱ्या पोरांचं इंग्रजी: बँड येतो, पण लेक्चर समजत नाही, काय करून घ्यावं? (नागपूर)

केमिस्ट्रीवाल्या_मॅडम

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका कॉलेजात एम.एस्सी.ला केमिस्ट्री शिकवते, इंग्रजी हा माझा विषय नाही हे आधीच सांगून ठेवते. यंदा आमच्याकडची १४ मुलंमुली बाहेर जायची तयारी करून राहिली, बरेचसे यूके, काही जर्मनी. जास्त करून काटोल, उमरेड, भंडाऱ्याकडची, दहावीपर्यंत मराठी नाहीतर सेमी, आणि आपसात बोलतात ते आपलं नागपुरी हिंदी. सगळ्यांनी धरमपेठ-रामदासपेठेत आयईएलटीएसचे, म्हणजे बाहेर शिकायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, क्लास लावलेत आणि साडेसहा बँड (त्या परीक्षेचे गुण, नवापैकी) येतीलही, त्याची मला चिंता नाही.

चिंता वेगळी आहे. मागच्या वर्षी गेलेल्या एका मुलीचा ऑक्टोबरमध्ये फोन आला. तिला ७ बँड होते. रडत होती पोरगी, म्हणे मॅडम तासभर लेक्चर होतं आणि माझ्या वहीत तीन ओळी असतात, त्या पण अर्ध्या. आमच्याकडे वर्गात पहिली होती ती. तेव्हापासून डोक्यातून जात नाही की दोन वर्षं आमच्यापाशी असताना आम्ही तिला ह्या गोष्टीसाठी काहीच दिलं नाही.

आठवड्यातून दोन दिवस प्रॅक्टिकल झाल्यावर ४ ते ५ मी देऊ शकते, जानेवारीपर्यंत. लॅबमध्ये प्रोजेक्टर आहे, नेट चालतं. ग्रामर पहिल्यापासून घेऊ का? की बोलायला लावू? ज्यांनी हे केलंय किंवा भोगलंय त्यांनी सांगा प्लीज.

सक्करदऱ्याचा_शेफील्डमध्ये

मॅडम, तुमच्या त्या मुलीचं वाचून माझा पहिला महिना आठवला, अगदी तसाच गेला माझा. आमचे एक सर ग्लासगोचे होते, पहिली दोन लेक्चरं मला वाटलं हे इंग्रजीत बोलतच नाहीयेत.

मला जे उशिरा कळलं ते सांगतो. विषयाचे शब्द अडत नाहीत. कॅटॅलिस्ट, टायट्रेशन हे तर आपल्याला पाठ असतं, फार तर उच्चार वेगळा निघतो, म्हणजे इंग्रज मीथेन म्हणतात, अमेरिकन मेथेन म्हणतात, आठ दिवसात कान बसतो. अडतात ते मधले शब्द. "हॅविंग सेड दॅट" म्हटलं की आता सर उलट बाजूनं बोलणार, "विच ब्रिंग्ज मी टू" म्हटलं की नवा मुद्दा सुरू होणार. हे ऐकूच येत नव्हतं मला कारण माझा हात मागच्या वाक्याचा शेवटचा शब्द लिहून राहिला होता. आपल्याकडे सर नोट्स सांगतात आणि आपण शब्द न शब्द उतरवतो, शाळेपासून तेच, त्यामुळे हाताला निवडायची सवयच नसते. तिकडे कोणी थांबून सांगत नाही आणि ५० मिनिटं सगळं उतरवणं कोणालाच जमत नाही, इंग्रजांच्या पोरांना पण नाही.

म्हणून मी म्हणीन की तुमचा तास ग्रामरवर घालवू नका. अमेरिकेतल्या एमआयटीचं ओपनकोर्सवेअर नेटवर फुकट आहे, त्यात केमिस्ट्रीची खरी वर्गातली लेक्चरं आहेत, खोकणं-खाकरणं सगळं सकट. १२ मिनिटांचा तुकडा लावा, खालची अक्षरं बंद करून. पहिल्यांदा पेन खाली ठेवून नुसतं ऐकायचं, दुसऱ्यांदा लिहायचं. आणि पान असं आखायला लावा की डावीकडे चार बोटं पट्टी, उजवीकडे मोठी जागा, खाली पाच ओळी मोकळ्या. लेक्चर चालू असताना फक्त उजवीकडे, घरी गेल्यावर डावीकडे त्यातून निघणारे प्रश्न, आणि खाली दोन-तीन वाक्यात सगळ्याचा सार. अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीत निघालेली पद्धत आहे ही, जुनी आहे. त्यातली खालची दोन वाक्यं लिहिता आली नाहीत म्हणजे समजलं नाही, इतकं सोपं माप आहे. आठ दिवसांनी त्याच वहीवरून शेजारच्याला समजावून सांगायचं, व्हिडिओ न बघता. मी हे नोव्हेंबरात सुरू केलं, जानेवारीच्या परीक्षेला जीवात जीव आला.

क्लासवाला_धरमपेठ

वरच्या भाऊंचं पटतं, पण मी ११ वर्षांपासून ही परीक्षा शिकवून राहिलो म्हणून एक सांगतो, बँडच आला नाही तर लेक्चरपर्यंत कोणी पोचणारच नाही. बरीच विद्यापीठं एकूण ६.५ मागतात आणि वरून कुठल्याही एका भागात ६ च्या खाली नको असं म्हणतात, आपली पोरं पडतात ती रायटिंगमध्ये. एक तासात दोन लेखनं, एक किमान १५० शब्दांचं, दुसरं किमान २५० चं. पाठ करून येतात पोरं, "इन अ नटशेल", "प्लेथोरा", काय काय. तपासणाऱ्याला दोन ओळीत कळतं. स्पीकिंगचंही तसंच, ११ ते १४ मिनिटं माणूस समोर बसलेला असतो, पाठांतर वाटलं की तो प्रश्न फिरवतो आणि पोरगं गप्प.

आणि मॅडम तारीख सांभाळा, स्कोअर दोन वर्षंच चालतो. माझ्याकडे लोक मुलांना बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला घेऊन येतात, ते पैसे वायाच जातात.

शब्दांसाठी एक कामाची यादी आहे, न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड बाईंनी २००० साली काढलेली, ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट, ५७० शब्दकुळं (एक शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुळ). रोजच्या वापरातले शब्द सोडून अभ्यासाच्या लिखाणात सगळ्या विषयांत जे फिरून फिरून येतात तेवढेच घेतलेत. प्लेथोरा पाठ करण्यापेक्षा यातले दहा शब्द दर आठवड्याला आपल्याच केमिस्ट्रीच्या वाक्यात वापरायला लावा.

सक्करदऱ्याचा_शेफील्डमध्ये

सर, बँड पाहिजेच, त्यावर भांडण नाही. पण २५० शब्दांच्या निबंधाला संदर्भ लागत नाही आणि तिथे पहिलीच असाइनमेंट २,५०० शब्दांची होती. माझ्या बरोबरच्या एका मुलानं एका रिसर्च पेपरमधून दोन परिच्छेद जसेच्या तसे घेतले, खाली नाव पण दिलं, त्याला वाटलं नाव दिलं म्हणजे झालं. अवतरणचिन्हं नव्हती. चौकशीला बोलावलं त्याला. चोर नव्हता हो तो, आपल्याकडे पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं की पूर्ण मार्क मिळतात, तेच तो करत आला होता. मॅडम, हे मात्र नक्की करून घ्या: एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक बंद, आधी मराठीत कोणाला तरी सांगायचं, मग इंग्रजीत लिहायचं. मराठीतून गेलं की मूळ वाक्याची नक्कल आपोआप मोडते.

जर्मनीवाली_नंदनवन

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी थोडंसंच. कोर्स इंग्रजीत असला तरी घर शोधणं, पत्ता नोंदवणं, डॉक्टर, सगळं जर्मनमध्ये अडतं, ए१, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, तरी इथूनच करून जा. आणि एपीएस सर्टिफिकेट (आपल्या मार्कशीट-डिग्री तपासून मिळणारा दाखला) नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसाला लागतंच, कागद वेळेत टाका. बाकी इंग्रजीचं म्हणाल तर माझ्या वर्गात कोणाचीच इंग्रजी मातृभाषा नव्हती. सावकाश आणि नीट बोलणाऱ्याचं सगळ्यांना समजत होतं, फाडफाड बोलणाऱ्याचं नाही.

महालातल्या_बाई

मी निवृत्त शिक्षिका, मराठी शाळेत ३० वर्षं इंग्रजी शिकवलं. मॅडम, सगळं ग्रामर पहिल्यापासून घेऊ नका, पण मराठीतून येणाऱ्या चारपाच सवयी आहेत तेवढ्या धरा. सगळ्यात मोठी ही की आपण म्हणतो "तो म्हणाला की मी उद्या येतो". मराठीत हे अगदी बरोबर आहे. मूल इंग्रजीत लिहितं "ही सेड दॅट आय विल कम टुमारो", आणि वाचणाऱ्याला वाटतं की लिहिणाराच येणार आहे. आता ही मुलं तिकडे पानापानावर अमका संशोधक असं म्हणतो, तमका तसं म्हणतो हेच लिहिणार, तिथे ही चूक फार महागात जाईल. दुसरी "करू शकतो" ची, त्यातून "आय कॅन एबल टू" येतं.

आणि "आय हॅव अ डाउट" सोडवा त्यांच्याकडून. आपल्याकडे डाउट म्हणजे शंका, म्हणजे प्रश्न. तिकडच्या माणसाला ऐकू येतं की माझा तुमच्या बोलण्यावर विश्वास बसत नाही. साधं "आय हॅव अ क्वेश्चन" म्हणावं.

उच्चारात एकच बघा, जोर कुठे पडतो ते. फोटोग्राफमध्ये पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर. आपण मराठीच्या चालीनं सगळी अक्षरं सारखीच वजनदार बोलतो, म्हणून समोरचा पुन्हा विचारतो आणि आपलं मूल बिचारं समजतं की आपलं इंग्रजीच वाईट आहे. तसं नसतं, बाळा, हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे.

केमिस्ट्रीवाल्या_मॅडम

सगळ्यांचे खूप आभार. काल पहिला तास घेतला, १४ पैकी ११ आले. एमआयटीचं एक लेक्चर १२ मिनिटं लावलं. पेन खाली ठेवा म्हटल्यावर दोघंतिघं कासावीस झाले, हात आपोआप वहीकडे जात होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं. खालची दोन वाक्यं फक्त चौघांना लिहिता आली. मी पण त्यांच्यासोबत बसून लिहिली. उमरेडचा एक मुलगा आहे, वर्गात कधी तोंड उघडत नाही, त्याची वाक्यं सगळ्यात चांगली निघाली. मराठीत सांग म्हटलं तर दोन मिनिटं बोलला, न अडखळता.

बाई, तुमचं "म्हणाला की मी" फळ्यावर लिहून ठेवलंय, पुसू देणार नाही. सर, यादीतले दहा शब्द पुढच्या आठवड्यापासून. शेफील्डवाले भाऊ, एकदा या मुलांशी व्हिडिओवर बोलाल का? त्यांना आपल्यातल्याच कोणाला तरी प्रश्न विचारायचेत, मला विचारायला लाजतात.

सक्करदऱ्याचा_शेफील्डमध्ये

का नाही मॅडम. शनिवारी तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे माझे संध्याकाळचे पाच, ऑक्टोबरच्या शेवटी इकडचं घड्याळ मागे गेलं की चार. प्रश्न मात्र इंग्रजीत विचारायला सांगा, मी उत्तर देताना मुद्दाम माझ्या ग्लासगोच्या सरांसारखं भरभर बोलीन, ते वहीत टिपू द्या त्यांना. अर्धा तास झाला की मग मराठीत गप्पा. आणि त्या उमरेडच्या मुलाला पहिला प्रश्न विचारायला सांगा.