शंभर वर्षांचं म्हणून विकत असलेलं सागवानी कपाट: वय आणि भाव कसा जोखायचा?

गिरगावकर:
जोगेश्वरीला, ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात एक दोन दारी कपाट बघितलंय. उंची साडेसहा फूट, रुंदी चार, खोली २२ इंच. एका दाराला उभा आरसा, दर्शनी कडा गोलसर, खाली लांब खण. विकणारा म्हणतो अस्सल बर्मा साग, शंभर वर्षांपूर्वीचं. ६५ हजार सांगतोय. पाठीला प्लाय आहे, ती म्हणे नंतर बदलली. खालच्या बाजूला बारीक भोकं आहेत. पॉलिश नवंकोरं, चकचकीत. परत जाईन तेव्हा नेमकं काय तपासू?

रंधा:
आधी खण पूर्ण बाहेर काढून उलटा करा. दर्शनी बाजू पॉलिशवाल्याने घासलेली असते, खणाच्या तळाला सहसा कुणी हात लावत नाही. जुनं, पॉलिश न केलेलं लाकूड एकसारखं काळवंडत नाही. जिथे हवा लागते तिथे गडद, पट्टीखाली झाकलेल्या जागी फिकं. तळ, बाजू, सांधे सगळं एकाच तपकिरी रंगाचं दिसलं तर ते रंगवलेलं समजा. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्या झिजलेल्या हव्यात, आणि खणाच्या बाजूंच्या खालच्या कडाही त्याच बेताने झिजलेल्या हव्यात. पट्टी झिजलेली आणि खण करकरीत, म्हणजे खण दुसरा.

खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे) हाताने कापलेले दिसले की विक्रेते लगेच 'बघा, किती जुनं' म्हणतात. ते पाश्चात्त्य पुस्तकांतलं गणित. आपल्याकडे सुतार पुढेही कित्येक वर्षं हातानेच सांधे कापत होते, त्यामुळे त्यावरून वय ठरत नाही.

गोल कडा मात्र बोलतात. ही आर्ट डेको धाटणी. ज्या पॅरिसच्या प्रदर्शनावरून डेको हे नाव पडलं ते १९२५ चं, आणि मुंबईत ही धाटणी रुजली तीसच्या दशकात. तुमचं कपाट १९३५ ते ५५ च्या दरम्यानचं असावं. त्या काळात पाठीला प्लाय सर्रास लावत, म्हणजे पाठ मूळचीच असू शकते. चौकटीच्या खाचेत प्लाय घट्ट बसलेली असेल तर मूळची. खाच रिकामी आणि वरून खिळे मारलेले असतील तर बदललेली.

एका बिजागरीचा एक स्क्रू काढून बघा. अधिक खुणेच्या डोक्याचा असेल तर तो नंतरचा. बिजागरीच्या आजूबाजूला बुजवलेली भोकं किंवा जुन्या बिजागरीच्या मापाची खाच आहे का तेही बघा. हँडलला चुंबक चिकटला तर पितळ नव्हे, वर नुसता मुलामा. सांध्यातून जुना डिंक डोकावत असेल तर तोही बघा: सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचा जुना डिंक) तपकिरी आणि ठिसूळ, नखाने तुकडे पडतात. फेविकॉल आला १९५९ मध्ये, तो प्लास्टिकसारखा वाकतो. पण फेविकॉल दिसला म्हणून घाबरू नका, तो दुरुस्तीचाही असतो.

बखारवाला:
बर्मा की सीपी (जुन्या मध्य प्रांतातला, म्हणजे चंद्रपूरकडचा साग), हे तयार कपाट बघून छातीठोकपणे सांगणारा माणूस विकणाराच असतो. सरळ रेषा, गाठी कमी, सोनेरी झाक असेल तर बर्मा असण्याची शक्यता जास्त. चंद्रपूर-बल्लारशाकडचा साग गडद, काळसर रेघांचा. साग आहे की नाही एवढं मात्र कळतं: आतल्या कोपऱ्यात ब्लेडने जरा खरवडा, तेलकट, चामड्यासारखा वास यायला हवा.

आता भाव. आधी त्यात लाकूड किती ते काढा. लांबी, रुंदी, जाडी इंचात घ्या, गुणाकार करा, १७२८ ने भागा, घनफूट मिळतात. तुमची एक बाजू ७८ × २२ × पाऊण इंच, म्हणजे साधारण पाऊण घनफूट. अख्ख्या कपाटात पाच-सहा घनफुटांच्या वर साग निघणार नाही. जुन्या सागाचा त्या दिवशीचा दर बखारीत विचारा आणि गुणा. हा तळाचा भाव. वरचे पैसे घडणीचे आणि अवस्थेचे, 'ब्रिटिश जमान्या'चे नव्हेत.

वजनही बघा. वाळलेला साग घनफुटाला १८-१९ किलो भरतो. आरसा सोडून हे कपाट शंभर किलोच्या आसपास हवं. दोघांनी सहज उचललं तर बाजूंना प्लायवर विनियर (सागाचा पातळ पापुद्रा) असू शकतं. फळीच्या कडेला बघा: वरच्या रेघा कडेवरून पुढे उतरतात का? नसतील उतरत तर विनियर. विनियर असणं हा दोष नाही, डेकोत ते चांगल्या कामातही असे. पण भाव अस्सल फळीचा द्यायचा नाही.

काटकोन:
भोकांबद्दल. सागाच्या गाभ्याला किडा सहसा लागत नाही, सालीकडच्या फिक्या पट्टीला लागतो. भोकं त्या पट्टीतच असतील तर घाबरायचं कारण कमी. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ताजी, फिकी भुकटी पडली आणि भोक आतून पांढरट दिसलं तर किडा जिवंत. भोकं काळवंडलेली, भुकटी नाही, तर प्रकरण बहुतेक जुनं. सुई खुपसा, अर्ध्या इंचावर आत गेली तर तो भाग बदलावा लागेल. वाळवी वेगळी: मातीच्या नळ्या, आणि ठोकल्यावर पोकळ आवाज. पायांचे शेवटचे दोन इंच नक्की टोचा, लादी धुऊन धुऊन तेच कुजतात.

नव्या पॉलिशखाली भराव दडलेला असतो. टॉर्च फळीला चिकटवून आडवी धरा, खड्डे आणि भराव उठून दिसतात. कापसाला स्पिरिट लावून आतल्या कोपऱ्यात चोळा: कापसाला रंग आला तर लाखेचं पॉलिश, नाही आला तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे हल्लीची रासायनिक पॉलिशं. ते उतरवून पुन्हा लाख लावायची तर मजुरी भावातून कापा.

दारं उघडून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. पाव इंचापेक्षा जास्त फरक असेल तर सांगाडा तिरपा झालाय, दारं घासणार. आरशाला कडेने काळे डाग असले तरी चालतात, तिरकं बघून प्रतिबिंब किंचित लहरतं का पाहा. लहरलं तर काच जुनी, ती बदलू नका.

गिरगावकर:
सगळ्यांचे आभार. भाऊ मस्कतला असतो, त्याला पाठवायचा विचार होता. काही अडचण?

रंधा:
मग 'शंभर वर्षांचं' असं पावतीवर लिहून घेऊ नका! १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेषात मोडते, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी असेल तरी पुरातत्त्व खात्याकडून पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या, नाहीतर कस्टममध्ये अडकेल. शिसवीचं काही घेतलंत तर त्याला वेगळे सायटिसचे (संकटग्रस्त वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) कागद लागतात, सागाला नाही.