रणगाडा, चिलखती गाडी की कॅरियर? एका जुन्या छायाचित्रावरून शब्दचर्चा

प्रश्न

आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे. आमचे आज्जा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमधून, म्हणजे जंगी पलटणीतून, इटलीच्या आघाडीवर होते. लोखंडी पट्ट्यांवर चालणाऱ्या एका बुटक्या गाडीच्या पुढच्या पत्र्यावर पाय ठेवून ते उभे आहेत, असा त्यांचा एकच फोटो घरात उरला आहे. गावातल्या माजी सैनिकांवर एक स्मरणिका निघत आहे आणि तीत या फोटोखाली 'रणगाड्यासह' असे छापावे, असे घरातल्या सगळ्यांचे म्हणणे आहे. पण गाडीवर तोफ दिसत नाही आणि छप्परही दिसत नाही. मग 'रणगाडा' हा शब्द चालेल का? चालत नसेल, तर मराठीत या गाडीला काय म्हणावे?

उत्तर

ताई, तुमची शंका रास्त आहे. आधी गाडी ओळखू, मग शब्दाकडे येऊ, कारण वस्तू नीट न पाहता शब्द ठरवला की तो शब्द पुढे पिढ्यान्‌पिढ्या चुकीचाच चालत राहतो.

फोटोत जमिनीला टेकलेली चाके मोजली, तर एका बाजूला तीन भरतात. त्यांतली पुढची दोन एकाच सांगाड्यावर जोडीने बसवलेली आहेत आणि तिसरे मागे सुटे आहे. पट्टा ओढणारे दातेरी चाक अगदी मागे आहे. आज्जांचे खांदे गाडीच्या काठाच्या वर स्पष्ट दिसतात, म्हणजे गाडीची उंची पाच-सव्वापाच फुटांपलीकडे नाही. पुढच्या पत्र्याचा एक भाग पेटीसारखा बाहेर आलेला आहे. चालक उजवीकडे बसे आणि त्याच्या डावीकडे मशिनगन चालवणारा, त्याच्यासाठी ती जागा. या खुणा एकत्र पाहिल्या की शंका राहत नाही. ही 'युनिव्हर्सल कॅरियर' आहे, जिला पलटणीत सर्रास 'ब्रेन कॅरियर' म्हणत. फोर्डचे व्ही-आठ इंजिन मागच्या भागात मधोमध, त्याच्या दोन्ही अंगांना बसायची जागा, आणि वर उघडे आभाळ, अशी तिची रचना. चिलखताची जाडी अवघी ७ ते १० मिलिमीटर होती. बंदुकीची गोळी आणि तोफगोळ्याच्या किरच्या अडवण्यापुरतीच ती होती. अशा गाड्या ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत मिळून एक लाखाहून अधिक बनल्या.

'ब्रेन' हे नाव त्या गाडीवरच्या हलक्या मशिनगनचे आहे. ती मुळात चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरातली. तिच्या नावात ब्रनोचे 'ब्र' आणि इंग्लंडमधल्या एनफिल्डचे 'एन' आले आहे.

आता 'रणगाडा'. हा शब्द मला अतिशय आवडतो. मराठीत पुल्लिंगी आकारान्त रूप मोठ्या वस्तूचे आणि स्त्रीलिंगी ईकारान्त रूप लहान वस्तूचे, ही जुनी रीत आहे: सुरा आणि सुरी, पळा आणि पळी, तसेच गाडा आणि गाडी. आपल्याकडे यात्रेत माणसांची रांग दोर लावून ओढते तो गाडा, आणि रोजच्या कामाची ती बैलगाडी. त्यामुळे 'रणगाडा' म्हटले की डोळ्यांसमोर थोर, जड, अडवता न येणारी वस्तू उभी राहते, आणि शब्दाचे बळ नेमके त्यात आहे.

वर तोफेचा फिरता बुरूज असला की रणगाडा आणि नसला की नाही, असा सोपा नियम मात्र करता येत नाही. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत जे रणगाडे पहिल्यांदा उतरले, त्यांना फिरता बुरूज नव्हताच. त्यांच्या तोफा दोन्ही कुशींना होत्या. खरा फरक कामाचा आहे. रणगाडा बंदिस्त असतो आणि त्यातली माणसे आत बसूनच लढतात. कॅरियरचे काम वाहण्याचे: गोळ्यांच्या माऱ्यातून मशिनगन, दारूगोळा आणि पायदळाचे शिपाई पुढे न्यायचे, मग शिपायांनी उतरून लढायचे. तुमचे आज्जा रणगाडा दलाचे नव्हते, पायदळाचे होते. त्यांच्याच पलटणीतले शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तोही पायदळाच्या शिपायाचा पराक्रम होता. फोटोखाली 'रणगाड्यासह' असे छापले, तर वाचणारा त्यांना दुसऱ्याच दलात नेऊन बसवेल.

याच ओघात 'टँक' या शब्दाविषयीही लिहितो. इंग्रजांनी हे यंत्र गुप्त ठेवण्यासाठी 'टँक' हे फसवे नाव दिले, जणू कारखान्यात पाण्याच्या टाक्याच बनत आहेत. हा इंग्रजी शब्द कुठून आला, याविषयी कोशकारांत एकमत नाही. पण गुजराती आणि मराठीतले 'टांके' हे त्याचे एक मूळ असावे आणि पोर्तुगीजांच्या तोंडून तो पुढे पक्का झाला असावा, असे एक वजनदार मत आहे. गडावर कातळात खोदलेले पाण्याचे टाके आणि युद्धातला टँक यांचे असे नाते असेल, तर गोव्याला लागून राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचे अप्रूप वाटायला हवे.

'चिलखती गाडी' हा पर्याय कोणी सुचवील. अर्थाने तो चुकीचा नाही, पण मराठीत तो शब्द रबरी चाकांच्या गाडीसाठी रुळला आहे. भारतातच तयार झालेली तशी एक गाडी त्या युद्धात होती. तिचा सांगाडा कॅनडाच्या फोर्डचा आणि चिलखती पत्रे जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातले, म्हणून तिला 'टाटानगर' म्हणत. तुमच्या फोटोत टायर असते, तर मी बेधडक 'चिलखती गाडी' लिहायला सांगितले असते.

पट्ट्यांच्या बाबतीत पुस्तकी 'साखळपट्टा' आणि बोलीतला 'चेन' असे दोन शब्द आहेत. पोकलेन पाहून आपल्याकडचा माणूस 'चेनची गाडी' म्हणतो, आणि तो शब्द मला निर्जीव भाषांतरापेक्षा जवळचा वाटतो. छापताना मात्र 'पट्ट्यांची' लिहावे, कारण 'चेन' वाचून सायकलही आठवते.

पुन्हा प्रश्नकर्ती

काका, तुमचे उत्तर वाचल्यावर फोटो चौकटीतून काढून पाहिला. मागे शिसपेन्सिलीने 'क्यारर प्लाटून, इटली' असे आज्जांच्या हातचे लिहिलेले आहे. 'क्यारर' हे तिथल्या एखाद्या गावाचे नाव असावे, अशी आमच्या वडिलांची समजूत होती. यातून काही कळते का?

उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आज्जांनीच लिहून ठेवले आहे. 'कॅ' लिहिण्यासाठी आज आपण अर्धचंद्र वापरतो, पण ती खूण रुळण्याआधीच्या पिढ्या तो उच्चार 'क्या' असा लिहीत. जुन्या कागदांत 'ब्यांक' आणि 'क्यांप' ही रूपे पानोपानी सापडतात, आणि आपल्या भागातली वयस्कर मंडळी बेळगावच्या कॅम्पला अजूनही 'क्यांप'च म्हणतात. तेव्हा 'क्यारर' म्हणजे 'कॅरियर'. त्या काळी पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये या गाड्यांची एक स्वतंत्र तुकडी असे. तीच ही 'कॅरियर प्लाटून'. गाडी आणि तुकडी दोन्ही त्या दोन शब्दांत आल्या आहेत.

फोटोखाली असे छापावे: 'ब्रेन कॅरियर या पट्ट्यांच्या उघड्या चिलखती गाडीजवळ, कॅरियर प्लाटून, मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, इटली.' आणि जागा असेल, तर फोटोच्या पाठीवरची ती पेन्सिलीची ओळही शेजारी छापावी, 'क्यारर' जसे लिहिले आहे तसेच ठेवून.